भाषण कापलं, शिट्टी ठेवली

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. त्या वर्षी मी पिक्चरमध्ये आलो, आणि एक संध्याकाळभर मला वाटलं की आपली अब्रू गेली.

घरात आम्ही अहिराणी बोलतो. लिहायला बसलो की चौथीतली मराठी हाताला येते, तिच्यातच सांगतो. धुळ्याकडून सुरतला आलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं. पुढचा सगळा जन्म लूमच्या खात्यात गेला. खातं म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत ओळीनं मशिनं, आणि खडखडाट असा की शेजारचा बोंबलला तरी कळायचं नाही. म्हणून आम्ही तोंडं वाचायचो. ओठ हलले की समजलं, चहा आला, तार तुटली, शेठ आला. ही विद्या मला कुणी शिकवली नाही आणि तिचा मला गर्व आहे.

त्या खडखडाटात माणसं बहिरी होतात. मोठ्या कारखान्यात कामानं कान गेला तर भरपाई आहे, कायद्यात लिहिलंय. आमच्याकडं शेठनं एका शेडचे कागदावर चार तुकडे केलेले, एक बायकोच्या नावावर, एक साल्याच्या. तुकडा छोटा, म्हणजे कायदा लागू नाही. आमच्या वस्तीतला वकील, आपल्याच एका कारागिराचा मुलगा, वर्षानुवर्षं अर्ज करत होता. त्यानंच पुण्याच्या एका पोरीला बोलावलं. ती एकटीच कॅमेरा घेऊन आमच्या वस्तीत, डिंडोलीत, फिरायची.

"बाबा, बोलाल का?" तिनं मला विचारलं.

"बोलाल का म्हणजे? मीच बोलणार."

धुतलेली टोपी घातली, ओट्यावर बसलो आणि कायद्याचं, शेठच्या चलाखीचं सगळं सांगितलं. बहिऱ्या कारागिरांची बाजू मांडली. त्या बहिऱ्यांत मी स्वतःला धरलं नव्हतं.

पिक्चर तयार झाल्यावर ती म्हणाली, गांधीनगरला सरकारी साहेबांना दाखवायच्या आधी तुम्ही बघा, ज्याला जे पटणार नाही ते मी काढीन. लग्नाच्या हॉलमध्ये पडदा लावला. सगळी गल्ली आली. मी पुढच्या खुर्चीत.

माझं भाषण नव्हतंच! मी ओट्यावर बसलोय, एवढंच. पडद्यावर खाली अक्षरं उमटत होती. 'कुकरची शिट्टी.' मी बसलेला. 'कुकरची शिट्टी.' तरी बसलेला. मग बायकोचं बोलणं आलं, 'अहो, गॅस बंद करा!' मी मांडीवरची माशी हाकलतोय. मग त्या पोरीचा सवाल, 'बाबा, तुम्हाला नीट ऐकू येतं का?' तिच्या तोंडापुढं कॅमेरा होता, ओठ कुठं दिसत होते? मी आपला फोटो काढताना हसतात तसा हसतोय.

मागं वळलो तर सगळा हॉल हसत होता.

मी उठलो. पडद्यापुढंच तिला धरलं. "माझं बोलणं कुठंय? ते कापलं आणि हे ठेवलं? काढ हा तुकडा."

वकील पुढं झाला, माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश बोलला, "काका, तुमचं भाषण मी दहा अर्जांत लिहिलंय. एकाही साहेबानं ते वाचलं नाही. ही शिट्टी त्यांना ऐकू जाईल."

"मग साहेबाच्या घरचा कुकर दाखव!"

"त्यांना ऐकू येतं, काका."

पुढचं आधीच सांगून टाकतो, मला दम निघत नाही. साहेबांनी पिक्चर पाहिला. छोट्या खात्यांनाही कायदा लागू करायचा, दर वर्षी कान तपासायचे, असा नियमाचा मसुदा झाला. मसुदा अजून मसुदाच आहे. वकील म्हणतो, थांबा. मी थांबणारा माणूस नाही, मी त्याच्या डोक्यावर बसतो. पण दहा अर्जांनी जे झालं नाही तेवढं तरी झालं. त्या संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी "नाही म्हणजे नाही" सांगून घरी आलो.

बायको मागून आली ती तापूनच. "कवयनी वरडी ऱ्हायनू मी!" केव्हाची ओरडतेय मी! "गल्लीला वाटतं ही बाई कजाग, रात्रंदिवस नवऱ्यावर खेकसते. आज शेजारणी जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, आम्हाला माहीतच नव्हतं. तो तुकडा तुमचा नाही, माझा आहे. काढू देणार नाही."

"तू काय वकील झालीस?"

"झाले!"

आमचा पोरगा माझ्याकडं पाठ करून जेवत होता. अडतीस वर्षांचा, त्याच खात्यात, बारा तासांची पाळी. आम्ही एवढं भांडतोय आणि हा भाकरी मोडतोय. बसवेना, उठवेना. ओट्यावर गेलो, परत आत आलो. मग त्याच्या पाठीमागं उभा राहून म्हणालो, "अरे, तुझी नवी चप्पल कुत्र्यानं नेली बघ."

बायको धावत दाराकडं गेली.

पोरगा वरणात भाकरी कुस्करत होता.

मी पुढं जाऊन त्याच्यासमोर बसलो. त्यानं लगेच माझ्या ओठांकडं पाहिलं. डोळ्यांकडं नाही, ओठांकडं. "काय व्हयनं बा?" म्हणाला.

"काही नाही. जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळीला निघाला तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. "खाडा पडेल," तो म्हणाला. "पडू दे," मी म्हणालो. त्याला घेऊन बाहेर पडलो. वाटेत वकिलाच्या घरी ती पोरगी बॅग भरत होती. तिला सांगितलं, "तुकडा राहू दे. हात लावायचा नाही." तिनं काही विचारायच्या आत निघालो. कानाच्या दवाखान्यात पोरगा लाजेनं मान खाली घालून बसला, म्हणून आधी मी आत गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड डबडी चढवली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, असं तिथल्या तपासणाऱ्या बाईनं तोंडासमोर येऊन सांगितलं. मी अंगठा ठेवून बसलो. काचेपलीकडून पोरगा माझ्या अंगठ्याकडं बघत होता.