आबांच्या दोन गोळ्या

समस्त करवीरवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमचे शेजारी, शाहूपुरीतले गुळाचे अडते आबा यांनी हयातीत कुणाच्या हातची वस्तू परत केली नाही. आंबट ताक, कडू काढा, भटजींचा अंगारा, सगळे सारख्याच आदराने पोटात. "देणाऱ्याचा हात माघारी लावला, तर त्यो परत आपल्या दारात यील व्हय?" असे ते विचारत, आणि आवाज असा की पलीकडच्या बोळातली कुत्री उठून बसत.

गुळाच्या ढेपा पारखत जन्मभर उकिडवे बसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. लेकीचे, सुमनचे, लग्न ठरले आणि आबांना एकच घोर लागला: कन्यादानाला पाटावर मांडी घालता आली पाहिजे. "खुर्चीत बसून पोरगी द्यायला मी काय मामलेदार हाय?"

आमच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिले. भरल्या पोटी घ्या, आणि दुखण्यावर दुसरे काही घेऊ नका, असे बजावले. त्याच आठवड्यात गडहिंग्लजचे व्याही आले. ते दवाखान्यात कंपाउंडर. संधिवातावर मुंबईहून आलेल्या नव्या गोळ्यांची बाटली त्यांनी प्रेमाने आबांच्या हातावर ठेवली. व्याह्यांची बाटली परत करायची, तीही लग्नाआधी? आणि डॉक्टरांना सांगावे, तर आपल्यावर भरवसा नाही असे त्यांना वाटणार. आबांनी गुपचूप दोघांचाही मान राखला.

"आबा, दोन्ही एकदम?" मी विचारले.

"चढाला एका बैलावर भागतंय व्हय? जोडीच जुपाय लागती."

गुडघ्यांचे दुखणे उतरले. आबा अंगणात मांडी घालून बसू लागले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून ती मांडी दाखवू लागले. तिकीट लावायचेच काय ते बाकी होते. मग त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला. परसाकडे डांबरासारखे काळे होऊ लागले. "जुनी घाण निघतीया," म्हणत त्यांनी तेही कौतुकाने सांगितले.

लग्नादिवशी रीतीप्रमाणे कन्यादान होईपर्यंत आबा उपाशी. रिकाम्या पोटी दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या घेतल्या, त्याही जादा. पाटावर बसले मात्र असे, की भटजींनीही मंत्र थांबवून पाहिले. सुमनचा हात जावयाच्या हाती दिला, पाणी सोडले, उठले आणि तिथेच रक्त ओकले.

लग्नाला आलेले डॉक्टर धावले. आबांच्या बायकोने दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढे धरल्या. "ही एकाच जातीची औषधं," ते खाली बसत म्हणाले. "दोन घेतल्यानं दुखणं दुप्पट थांबत नाही. पोट मात्र आतून फाटतं." व्याही मांडवाचा खांब धरून उभे होते. टांगा येईपर्यंत आबा संपले होते.

सुमन मुंडावळ्यांसकट त्यांच्या उशाशी बसली होती. रडली नाही. एकाएकी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे बोलली, "आबा, उभ्या उभ्या हात दिला असतासा, तर लगीन लागलं नसतं व्हय?"