दूरचं फिकं काढायचं

दोष माझ्या बाबांचा. भोयर सरांचा नाही, माझा तर नाहीच नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण आमच्या घरी दोष कोणाचा ते ठरल्याशिवाय चहासुद्धा उकळत नाही.

आमच्या रविवारच्या मंडळीत एकानं किस्सा काढला की दुसरा त्याच्या शेपटाला धरून येतो. चार माणसं, चार पेन्सिली आणि समोर एक झाड. यात घडून घडून काय घडणार? मलाही असंच वाटायचं. पण साचत साचत इतके झालेत की आता लिहूनच मोकळं व्हावं म्हटलं.

मी पॉलिटेक्निकात मध्येच अडकलेला पोरगा. इंजिनिअरिंग ड्रॉइंग तीनदा गेला, आणि तो निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसू देत नव्हते. एक शेवटचा चान्स उरला होता. बाबांचं सिंदी मेघेला हार्डवेअरचं दुकान. त्यांनी मला स्कूटरवर बसवून भोयर सरांकडे नेलं. सर सरकारी ऑफिसातून ट्रेसर म्हणून रिटायर झालेले. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरच्या नकाशावर पातळ कागद अंथरून शाईनं हुबेहूब गिरवणारा माणूस.

"याले पास करून द्या," बाबा म्हणाले. खिळे मागावेत तसे!

सर म्हणाले, "संध्याकाळी परीक्षेचं, टी-स्क्वेअर पट्टीचं शिकवतो. पण रविवारी सकाळी बाहेर यायचं, झाडं-टेकड्या काढाले. याले अजून दिसतच नाई, तं काढन काय?"

"हा येईन," बाबा म्हणाले. "अन् मी बी येईन सोबत. हा कुठं पळते, काय भरोसा!"

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिघं शिकणारे, म्हणजे मी, कापड दुकानवाले राठी काका आणि सेलूकडे भाजीपाला पिकवणाऱ्या शोभाताई, पेन्सिल घेऊन जमिनीवर बसायचो. दहा फुटांवर स्कूटर स्टँडला लावून बाबा पेपर वाचत बसायचे. पहारेकरी!

* * *

पहिल्याच रविवारी सरांनी बिस्किटाचा रिकामा डबा फिरवला. "खोडरबर टाका याच्यात."

मागून बाबा लगेच, "सर, अन् चुकलं तं?"

"चुकलं तं राहू द्यायचं. चुकीची रेघ समोर असली की बरोबर रेघ कुठं पाहिजे ते समजते. खोडली, की माणूस पुन्हा तिथंच चुकते."

मी एका शेताचा धुरा, म्हणजे बांध, काढत होतो. एक रेघ वाकडी, दुसरी जास्त उतरती, तिसरी भलतीकडे. अकरा रेघा झाल्या. बारावी बसली! कोणी सांगितलं नाही, माझं मलाच दिसलं. शाळेपासून माझ्या चुका फक्त लाल शाईनं गोल करण्यात आल्या होत्या. चूक अशी उपयोगाला येते, हे एकाही मास्तरला माहीत नव्हतं, की माहीत असून दडवून ठेवलं होतं, देव जाणे.

बाबा वाकून पाहायला आले. "एका धुऱ्याले बारा रेघा!"

सर म्हणाले, "साहेब, बारावी दिसाले मले चाळीस वर्षं लागली."

* * *

राठी काका म्हणजे पैशानं कला येते असं मानणारा माणूस. चोवीस पेन्सिलींचा चपटा डबा, कॅनव्हासची खुर्ची, डोक्याला टोपी. समोर कडुनिंब. काका एकेक पान काढायला लागले. दोन तास झाले, एक फांदी झाली. घाम टपकून राहिला होता.

सर मागे उभे. "काका, गिऱ्हाइकाले कापडाचं थान दाखवता तवा धागे मोजून दाखवता का?"

"असं कोण दाखवते, सर?"

"मंग झाडाले काऊन मोजून राह्यले? डोळे अर्धे मिटा."

आम्ही तिघांनी डोळे किलकिले केले. आणि काय सांगू! पानं गेली. राहिला एक उजेडाचा तुकडा आणि एक अंधाराचा, बस. दोन तुकड्यांत सगळं झाड उभं! काकांनी आडवी पेन्सिल धरून सावलीचा भाग सपासप भरला. पाच मिनिटांत कडुनिंब कागदावर हजर. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "साठ वर्षं मी उघड्या डोळ्यानं आंधळा होतो यार."

तेव्हापासून ते दुकानातही गिऱ्हाइकांकडे तसंच पाहतात. काकूंनी दोनदा बीपी तपासून आणलं!

* * *

केळझरचा किस्सा माझा. देवळाच्या टेकडीवरून खाली सगळं सपाट रान दिसतं. सर म्हणाले, "क्षितिजाची रेघ कुठं येईन?" तिघांनी तीन ठिकाणी मारली.

"पेन्सिल आडवी धरा. डोळ्यासमोर, सरळ."

धरली. पेन्सिल बरोबर क्षितिजावर.

"आता बसा."

बसलो. क्षितिज खाली आलं! पुन्हा पेन्सिलीवर. वरच्या पायऱ्या चढून गेलो, तर तेही वर आलं. मी जाईन तिकडे ते माझ्या डोळ्याच्या उंचीला येऊन थांबत होतं. एवढं मोठं क्षितिज, आणि ते माझ्यावर अवलंबून!

आणि मग डोकंच फिरलं. कारण हे मी तीनदा परीक्षेत लिहिलं होतं. 'होरायझन लाईन म्हणजे आय लेव्हल.' पाठ होतं, तोंडपाठ! दोन वर्षं फळ्यावरून उतरवून घेतलं, पण एका शहाण्यानं खिडकी उघडून "ते बघ" म्हटलं नाही. तो 'आय' म्हणजे माझा डोळा आहे, हे मला एकविसाव्या वर्षी टेकडीवर कळलं. पगार कशाचा घेतात ही माणसं?

तणतणत खाली आलो तर स्कूटरमागे बाबा. हातात दुकानाचं बॉलपेन आडवं धरलेलं. उठतायत, बसतायत. उठतायत, बसतायत. एक नारळवाला थांबून विचारतो, "दादा, कंबर धरली काय?"

"हौ," बाबा म्हणाले. "लय दिवसाची."

* * *

शोभाताईंच्या वावरातला रविवार. वांग्याच्या लांब सऱ्या. सर म्हणाले, सऱ्या दूर जाताना जवळजवळ येतात, शेवटी एका बिंदूत मिळतात.

ताई भडकल्या. "माह्या हातानं पाडल्या सऱ्या, सर! कुठंच मिळत नाईत. मिळाल्या असत्या तं पाणी कसं दिलं असतं?"

"पेन्सिलीनं मोजा."

हात लांब करून, एक डोळा मिटून, अंगठ्यानं पेन्सिलीवर माप घेतलं. पायाजवळच्या दोन सऱ्यांमधलं अंतर अख्खी पेन्सिल. टोकाकडचं, नखाएवढं. ताईंचा विश्वास बसेना. पेन्सिल घेऊन तरातरा शेवटापर्यंत चालत गेल्या, वाकून पाहिलं, परत आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "तिथं तं पुरी रुंद हाये! मंग मी तिथं उभी होती तवा केवढी दिसत होती?"

"नखाएवढी," मी म्हणालो.

ताई खाली बसल्या. परत एकदा सऱ्यांकडे पाहिलं. मग हसल्या. "सासऱ्यानं मले पंचवीस वर्षं नखाएवढंच धरलं. आता समजलं. म्हातारा लय दुरून पाहून राह्यला होता."

* * *

सेवाग्रामच्या रस्त्याला एका बाभळीखाली सरांनी नवीनच काढलं. फांद्या काढायच्या नाहीत, फांद्यांमधलं आभाळ काढायचं. तुकडा तुकडा. मी तासभर आभाळाचे तिकोनी-चौकोनी तुकडे काढत बसलो.

पांढऱ्या कडक इस्त्रीतले एक वयस्कर गृहस्थ गाडीतून उतरले. कुठेतरी भाषण देऊन आले असावेत, कारण इथंही सुरूच झाले. "काय काढतोस बाळ?"

"बाभूळ."

"यात बाभूळ कुठंय?"

"ती काढलीच नाही."

"हेच! तुमच्या पिढीचं हेच! आमच्या वेळी..."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, चार पावलं मागं सरा. मंग दिसन."

बाबा! पेपर घडी करून काखेत. गृहस्थ सरकले. मीही वही झाडाला टेकवून मागे गेलो. आणि न काढलेली बाभूळ कागदावर उभी होती, काट्याकुट्यासकट. गाडीत बसल्यावर गृहस्थांनी काच खाली करून पुन्हा एकदा पाहिलं.

मी बाबांना म्हणालो, "तुमाले कसं समजलं?"

"मी काय पेपर वाचतो काय तासभर?"

* * *

एका गोष्टीवर मात्र माझं आणि सरांचं बरेच दिवस जमलं नाही. सर सांगायचे, "दूरचं फिकं काढायचं. जेवढं दूर, तेवढं फिकं." मी म्हणायचो, खोटं! लख्ख उन्हात दूरची टेकडी मला जवळच्या झाडाइतकीच काळी दिसायची.

"हवा दिसली नाई तुले अजून," सर म्हणायचे. "दिसन एक दिवस. तवा हातात पेन्सिल असू दे म्हणजे झालं."

बाबांनी एकदा विचारलंच, "सर, परीक्षेच्या पेपरात येते का हे?"

"नाई."

"मंग कायले?"

सरांनी खोडरबरचा डबा बंद केला आणि घरी गेले.

पेपर हिवाळ्यात होता. टी-स्क्वेअर, प्रोजेक्शन, सगळं सरांनी घोटून घेतलेलं. पहिल्यांदाच माझी तयारी होती, आणि हे बाबांनाही माहीत होतं. सेंटर केळझरच्या पुढे लागलं. वेळ साडेनऊची. "मीच नेतो," बाबा म्हणाले. "हॉल तिकीटही माह्याजवळ राहीन." शर्टाच्या खिशात घातलं आणि वरून स्वेटर.

सेलू सोडलं आणि धुकं लागलं. थोडं पुढे गेल्यावर स्कूटर थांबली.

"पेट्रोल?" मी विचारलं.

बाबा उतरले. हेल्मेट काढलं. डोळे अर्धे मिटले.

रस्त्याकडेला कपाशी, गडद. तिच्यामागे बोरीची झुडपं, रंगानं जराशी उतरलेली. मग बाभळींची रांग, राखेसारखी. तिच्यामागे काहीतरी झाडासारखं. आणि सगळ्यांच्या मागे केळझरची टेकडी, कोऱ्या कागदाहून जेमतेम वेगळी.

"पाच थर," बाबा म्हणाले. "मोज तू."

"बाबा, पेपर हाये."

"मोज ना बे!"

मोजले. पाच.

बाबांनी स्वेटरखाली हात घालून हॉल तिकीट काढलं, उलटं केलं आणि स्कूटरच्या सीटवर ठेवलं. "काढ."

परीक्षेच्या पेन्सिली होत्याच, गडद उठणारी एचबी आणि फिकी टूएच. कपाशी एचबीनं भरली. बोरी, बाभळी हात हलका करत करत. बाबा खांद्यावरून पाहत होते. "थे मागचं अजून फिकं. अजून." सर बोलावेत तसं. टेकडीजवळ आलो आणि माझा हात थांबला. तेवढा हलका हात मला येत नव्हता.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

आयुष्यभर बिलाशिवाय कागदावर काही न ओढलेला माणूस. टूएच मागच्या टोकाला दोन बोटांत धरली, श्वास रोखला आणि टेकडीची रेघ काढली. एकच. कागद तिरपा धरल्याशिवाय ती दिसत नाही.

धुकं विरेपर्यंत आम्ही तिथंच होतो.

सेंटरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, गेट बंद होतं. पेपर गेला, शेवटचा चान्स गेला, डिप्लोमा गेला.