न पाहिलेल्या मैदानाचा निवाडा

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शर्यतीचा बैल घ्यायला आलेला माणूस आधी माझ्या मामांना शोधायचा. कानिफनाथ मामा ना बैलाचे दात बघायचे, ना खूर. मालक मोबाईलवर ढालीचे आणि गुलालाचे फोटो दाखवू लागला की मामांची मान दुसरीकडे वळायची. "पयला आला ते कळलं. शेजारच्या चाकोरीत कोन हुतं ते सांगा." एवढाच प्रश्न. निम्मे मालक तिथंच चुळबुळायला लागत.

मामांचं म्हणणं साधं होतं. फायनलला सात चाकोऱ्यांतून सात गाड्या सुटतात. बाकीच्या सहांत दम नसेल तर पहिल्या नंबराला काही अर्थ नाही. उलट नामी बैलांच्या मागोमाग तिसरा आलेला बैल ते डोळे झाकून घ्यायला सांगत. कुठल्या मैदानात कोणासमोर कोण पळालं, हे त्यांना शर्यतबंदीच्या आधीपासूनचं तोंडपाठ. मी शाळेत मास्तर, पण असं पाठांतर मी एकाही पोराचं पाहिलं नाही. त्यांचा एक नेमही होता: जे मैदान आपण पाहिलं नाही, त्यावर बोलायचं नाही. हा नेम त्यांनी एकदाच मोडला, आणि मोडायचा तो नेमका जिवाभावाच्या माणसापुढं मोडला. मला त्याचा अजून राग येतो.

तो माणूस म्हणजे हनुमंत, शेजारच्या वस्तीवरचा, मामांचा लंगोटीयार. त्याच्या गोठ्यातल्या बैलाने कधी मैदान मारलं नव्हतं. बंदीची सगळी वर्षं तो हात चोळत बसला. बंदी उठल्यावर त्याने पाखऱ्या नावाचा खोंड घरच्या गाईच्या दुधावर वाढवला, रोज स्वतः फिरवून तयार केला, आणि खोंड पळायला लागला तेव्हा हनुमंताने अंथरूण धरलं. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

पारनेर तालुक्यातल्या एका मैदानात पाखऱ्या फायनलला पहिला आला, त्या दिवशी हनुमंत खाटेवर होता. मामाही गेले नव्हते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या दिवशी हनुमंताने त्यांना बोलावून घेतलं. मीच गाडीवर बसवून नेलं.

हनुमंताचा आवाज पार खोल गेला होता. "कानिफ, लोकं काय, तोंडावर गोडच बोलत्यात. तू खरं सांग. जिकला का माझा बैल?"

मामांनी फायनलच्या गाड्यांची यादी मागितली. हनुमंताच्या बायकोने, रतनबाईंनी, मोबाईल पुढे केला. यादीत बैलांची नावं नव्हती, फक्त गाडीमालकांची होती. मामांनी दोनदा वाचली. मी मनात म्हणत होतो, आता म्हणा, मी तिथं नव्हतो. नेहमी म्हणता तसंच म्हणा.

"यातले चार मालक मी आयुष्यात ऐकले न्हाईत," मामा म्हणाले. "दोघांचे बैल म्हातारे. हनुमंता, वासरात लंगडी गाय शहानी, तसं झालंय हे."

हनुमंताने नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाला, "तू म्हनतोस म्हंजी तसंच असंल."

बाहेर आल्यावर मी मामांवर चिडलो. मरणाच्या दारातल्या माणसाला हो म्हटलं असतं तर काय जीभ झडणार होती?

"खोटं बोलायला त्यानं मला बोलावलं व्हय?" मामा म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते, पण माघार घेण्याची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या शनिवारी हनुमंताच्याच सांगण्यावरून पाखऱ्या बाजारात विकायला उभा राहिला आणि परजिल्ह्यातल्या व्यापाऱ्याने त्याला टेम्पोत घातलं. त्यानंतर अकरा दिवसांनी हनुमंत गेला.

चार महिन्यांनी बाजारात चहाच्या टपरीवर ओंकार भेटला. शर्यतीच्या गाड्या हाकणारा तरणा गडी. बोलता बोलता पारनेरच्या त्या मैदानाचा विषय निघाला, आणि तो सहज म्हणाला, "त्या फायनलला सरदार हुता की. मीच हाकत हुतो."

सरदार हा त्या सालातला अजिंक्य बैल. त्याला कोणी मागं टाकल्याचं मामांनी ऐकलं नव्हतं.

"यादीत त्याच्या मालकाचं नाव न्हाई," मामा म्हणाले.

"कसं आसंल? त्यांच्या घरात सुतक हुतं. मेव्हण्याच्या नावानं गाडी पळवली. वळखनारांनी वळखला, पन सुतकाच्या घरची गोष्ट, कोन बोलनार? तुमच्या हनुमंतरावाच्या बैलानं हातभर मागं टाकलं आमाला. शेजारचीच चाकोरी हुती."

मामांनी चहा तसाच ठेवला. मग मला म्हणाले, "रतनवहिनीकडं चल." मी म्हटलं, आता सांगून काय होणार? माणूस गेला, बैल गेला, त्या बाईला कशाला आणखी जाळायचं? त्यांनी ऐकलं नाही.

रतनबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मामांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: सरदार, सुतक, मेव्हणा, हातभर अंतर. "माझं चुकलं, वहिनी. पाखऱ्या खरा जिकला हुता."

रतनबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मी म्हनत हुते, बैल ठिवू," त्या म्हणाल्या. "तर मला म्हनले, कानिफनं सांगितलंय, त्यो माझ्यापाशी खोटं बोलनार न्हाई. जाताना सुद्धा तेच. समदं झालं गं, म्हनले, आपला एक बैल जिकल्याला बघायचा तेवढा ऱ्हायला."

मामा पायरीवर बसले आणि तोंडावर उपरणं धरून रडायला लागले. साठी उलटलेल्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. रतनबाई आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. रडू नका, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.