उधाणाची झडप

साठच्या दशकात ह्यांना वीजकेंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियरची नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून तारापूरला आलो. खाडीजवळ एका कोळीणबाईच्या घरात खोली घेतली.

पहिल्याच श्रावणात, पाऊस फारसा नसताना, गटारातून उलटं पाणी येऊन आमच्या गल्लीत गुडघाभर चढलं. ओठांवर थेंब उडाला, तो खारट होता. घरमालकीण शांतपणे तांदळाचा डबा माळ्यावर चढवत होती.

"उधान हाय, बाय. दर्या भायेर उबा हाय, पानी जायाचं कुटं?"

पाणी उताराला जातं, एवढंच मला माहेरी कळलं होतं. ते परतही येतं, हे नवीन होतं.

हे सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांबरोबर गटाराच्या कडेनं हिंडू लागले. हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून गाळानं भरलेलं जुनं तळं उपसलं, गटार त्यात सोडलं आणि तळ्यातून खाडीकडे जाणाऱ्या मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी सागवानी झडप टांगली. बिजागऱ्या वरच्या बाजूला, उघडणार ती फक्त खाडीकडे.

"ती लावायची कुनी न् उगडायची कुनी?" घरमालकिणीनं विचारलं.

"कुणीच नाही," हे म्हणाले.

मला ते पटलं नव्हतं.

पुढच्या भाद्रपदातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं, वर धो धो पाऊस. हे, घरमालकीण आणि मी मोरीवरच्या बांधावर उभे होतो. खाडी फुगत आली. झडप थरथरली आणि धप्प करून मिटली. बाहेर पाणी छातीभर उंच, आत गटाराची धार, मध्ये चार फळ्या. गावाचं पाणी तळ्यात साठू लागलं. ते काठाला टेकलं तेव्हा मी ह्यांचा दंड घट्ट धरला. ह्यांची नजर झडपेवरून हलत नव्हती. त्यांनाही खात्री नसावी.

मग ओहोटी लागली. बराच वेळ काहीच हललं नाही. मग खाडी तळ्याहून खाली उतरली तशी झडपेच्या खालच्या कडेला पाण्याची एक रेघ चमकली, फळ्या हळूहळू उचलल्या गेल्या आणि अख्खं तळं खाडीकडे धावत सुटलं. कुणी हात लावला नव्हता.

"दर्यानं आयकलं," घरमालकीण पुटपुटली. तिनं हात जोडले होते. मीही जोडले.

गल्लीच्या टोकाच्या दोन घरांत घोटाभर पाणी शिरलं होतं, तेही संध्याकाळपर्यंत ओसरलं. हे आणि घरमालकीण घरी गेले. मी मात्र तळ्याचा चिखल दिसेपर्यंत तिथून हलले नाही.