गोटी हलली का?

जगातली कोणतीही गोष्ट कुठूनही सुरू होवो, ती शेवटी इंग्लंडातल्या नॉर्थविच नावाच्या मिठाच्या गावात जाऊन पोचते, हे माझ्या आतेबहिणीच्या सासऱ्यांनी मला इतक्यांदा सिद्ध करून दाखवलंय की आता मला ते पटलंय. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत एका हॉटेलात तंदूर सांभाळतो, तेही या आतेबहिणीच्या, म्हणजे ताईच्या कृपेने. त्यामुळे शिकलेल्या माणसाचं म्हणणं पटवून घेणं मला जड जात नाही. ताईचे सासरे, म्हणजे काका, निवृत्तीनंतर मुलाकडे इथे येऊन राहिले; त्याआधी पुण्यात एका जर्मन कंपनीत पंपांचे इंजिनियर होते. तरुणपणी कंपनीने त्यांना दीड वर्ष त्या गावी धाडलं होतं. तिथून ते शरीराने परत आले, एवढंच.

त्या गावाखाली म्हणे मीठच मीठ. ते पाण्यात विरघळवून इतकं उपसलं की वरची दुकानं, घरं खचायला लागली. मग लोकांनी लाकडी सांगाड्याची घरं बांधली. खचलं की पंक्चर ट्रकला लावतात तसा जॅक लावायचा आणि अख्खं घर वर उचलायचं. नदीवरचा पूलसुद्धा तरंगता. ताईने एकदा वैतागून जेवणाच्या टेबलावरचं मीठच लपवलं, आमटीतही घातलं नाही, म्हणजे विषय निघायला नको. काकांनी अळणी आमटी दोन वाट्या शांतपणे संपवली आणि म्हणाले, "आता कळलं ना, नॉर्थविच नसतं तर काय झालं असतं?" नात "ओपा, श्योन वीडर झाल्त्स!" म्हणजे आजोबा, पुन्हा मीठच, असं ओरडून ताटासकट आपल्या खोलीत निघून गेली. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकणारी गाडी आली की काका मागोमाग जाऊन एक खडा उचलून जिभेवर ठेवायचे आणि "खाणीतलं आहे, समुद्राचं नव्हे," असा निकाल द्यायचे. हे समोरच्या जर्मन बाईंनी पाहिल्यापासून त्या ताईला सारखं विचारतात, सासरे पोटभर जेवतात ना?

काकांच्या खिशात कायम एक हिरवी काचेची गोटी असते. कुठल्याही घरात शिरले की आधी गोटी जमिनीवर ठेवणार; हलली, तर घर खचतंय. भाऊजी नवीन घर बघायला गेले तेव्हा पन्नास जण त्या घरावर टपलेले. घरमालक प्रत्येकाचे पगाराचे कागद तपासत होता आणि काका बैठकीत पालथे पडून गोटी बघत होते. गोटी हलली. "अहो, खचतंय!" काका ओरडले. कोणीही जर्मन माणूस चिडला असता. या घरमालकाने गाडीतून पाणसळ आणली, लावली, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला, आणि घर भाऊजींना दिलं. घराची इतकी काळजी करणारा भाडेकरू त्याला म्हणे जन्मात भेटला नव्हता.

माझं सगळं अडलं होतं ते जर्मन भाषेच्या परीक्षेवर. ती पास झालो तर इथे कायमचं राहायचा अर्ज करता येणार होता. नाहीतर दर खेपेला राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा घोर होताच. दोनदा मी तोंडी परीक्षेत बसलो आणि दोन्ही वेळा, शाळेत फळ्यापुढे व्हायचं तसं, माझं तोंड उघडलंच नाही. काका म्हणाले, "रविवारी सकाळी येत जा. मी शिकवतो." शिकवलं काय? खचणं, उपसणं, उचलणं. भाजी आणायला लागणारं जर्मन मला येत नव्हतं, पण आमचं गाव हळूहळू जमिनीत जात आहे, हे मी बिनचूक सांगू शकत होतो. ताई म्हणाली, "बाबा, त्याला बिचाऱ्याला परीक्षेपुरतं तरी शिकवा!" काका म्हणाले, "ज्याची गंमत वाटते तेच माणूस बोलतो. बाकी सगळी पाठांतरं."

परीक्षेत चित्र आलं: नवं घर, दारात हसणारं कुटुंब. परीक्षक बाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" मग मी म्हणालो, "घर छान आहे. पण खाली काय आहे, ते कोणी पाहिलंय?" आणि जे सुटलो, ते जॅक, खचलेली दुकानं, सगळं सांगूनच थांबलो. बाईंनी दुसऱ्या बाईंकडे पाहिलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आणि घर उचलताना आतली माणसं कुठे जातात?"

पास झालो. पेढे घेऊन धावत गेलो, पाया पडलो. काका म्हणाले, "तरंगत्या पुलाचं सांगितलंस?"

"ते राहिलं, काका."

"मग पास कसं केलं तुला?"

यंदा मला कायमचा कागद मिळाला, आणि थंडी गुडघ्यांना सोसत नाही म्हणून काका कायमचे पुण्याला गेले. निघताना गोटी माझ्या हातावर ठेवली. "महिन्याला एकदा बघत जा. आपलं घर आहे, लक्ष नको?" मी आता एका खोलीत राहतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गोटी ठेवतो. ती ठेवू तिथेच थांबते. मग पुण्याहून फोन येतो.

"काय रे, हलली का?"

"जराशी हलली, काका," मी म्हणतो.

"बघ! मी म्हणत होतो. आता नॉर्थविचला काय करायचे, ते ऐक..."

आणि मी फोन कानाला लावून गोटीशेजारी जमिनीवर बसतो.