दोन बोटं वर, दोन बोटं डावीकडे

माझा मामा कुठलीही वस्तू दुरुस्त करण्याआधी तिच्यापासून दहा पावलं लांब जाऊन उभा राहतो. नळ असो, शिवणयंत्र असो की संगणक. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे लांबून बघितल्याशिवाय त्याला काही दिसतच नाही. आमच्या खोलीत दहा पावलं मावत नाहीत, म्हणून तो थेट जिन्यात जातो आणि तिथून ओरडतो, "दार उघडं ठेवा गं!" या नाटकाचा मला लहानपणापासून वैताग यायचा. आता येत नाही.

पाट्या यंत्रावर छापून मिळायला लागल्या तेव्हा मामाचं काम गेलं. रडत न बसता तो संगणक शिकला आणि त्याने एक अजब छंद लावून घेतला. संगणकावर गाणी वाजवायचा प्लेअर असतो ना, त्याचं रूप पालटता येतं. बटणं, रंग, आकार, सगळं आपल्या मनासारखं. त्याला स्किन म्हणतात. मामा म्हणतो झगा. भाचरांना, शेजाऱ्यांना, दातांच्या डॉक्टरांना त्याने असे कितीतरी झगे करून दिले. डॉक्टरांच्या प्लेअरवर दाढांची बटणं आहेत आणि ते आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवतात.

आईसाठी केलेला झगा मात्र गंमत नव्हती. आई चाळीस वर्षं टंकलेखिका होती. निवृत्तीनंतर एका संशोधन संस्थेचं काम मिळालं: रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकायच्या आणि टाइप करायच्या. मग तिच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेने दिसतं, समोर बघितलं की धुकं. कीबोर्ड बोटांना पाठ, त्यामुळे टाइप करणं अडलं नाही. अडलं ते रेकॉर्डिंग थांबवणं आणि मागे घेणं, कारण प्लेअरची बटणं मुगाएवढी. मामाने तिला काळ्यावर पिवळ्या, भल्यामोठ्या बटणांचा झगा करून दिला. मान जराशी तिरकी केली की ती बटणं तिला दिसायची. पाच वर्षं तिने त्यावर सुखाने काम केलं.

मग मी शहाणपणा केला. आईच्या संगणकाला नवा मोठा पडदा आणला, आणि तिला सगळं आणखी ठळक दिसावं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सगळं दीडपट करून टाकलं. प्लेअरही मोठा झाला. बटणांच्या कडेला गुलाबी झालर आली, ते जरा खटकलं, पण म्हटलं असेल काहीतरी.

"छान दिसतंय ना?" मी विचारलं.

"छान दिसतंय," आई म्हणाली.

पुढचा महिनाभर माझं डोकं फिरायची पाळी आली. भिंतीपलीकडून एकेक वाक्य चार-चार वेळा ऐकू यायचं. मुलाखतीतली कोणी आजी सांगत होती, मग आम्ही होडी विकली. होडी विकली. होडी विकली. मला वाटलं, आता आईचे कानही गेले. एकदा तर मी इकडून ओरडले, "अगं कळलं, विकली होडी!" पलीकडे एकदम शांत झालं. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

दोन फायली उशिरा गेल्या. मग संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बोलल्या गोड, पण अर्थ सरळ होता. शुक्रवारी दुपारपर्यंत पुढची फाईल आली नाही, तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "काम गेलं तर हे हात काय मांडीवर ठेवून बसू?"

तो मंगळवार होता. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा तिच्या खुर्चीत बसले आणि थांबवायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. आजीबाई आपल्या बोलतच राहिल्या. मी प्लेअर काढून पुन्हा टाकला, झगा उतरवून पुन्हा चढवला, तीनदा. शेवटी नाक मुठीत धरून मामाला फोन केला.

मामा आला, जिन्यात गेला, तिथून पाहून आला. प्लेअरचा मूळचा झगा चढवून बघितला, तर सगळी बटणं चालली. "प्लेअर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दुखणं माझ्या झग्यात आहे." मग आमचा झगा परत चढवून त्याने आईला बसवलं. "ताई, तू तुझं काम कर. मी नुसता बघतो."

आईने रेकॉर्डिंग चालू केलं. थांबवायची वेळ आली तेव्हा तिच्या माउसचा बाण बटणाकडे गेलाच नाही. बटणापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं डावीकडे, निव्वळ काळ्या जागेवर गेला. टिक्. आजीबाई गप्प.

मी तिच्या खुर्चीशी वाकले. "आई, तुला माहीत होतं?"

"चाचपून चाचपून शोधलं. थांबवायचं सापडतं गं. मागे घ्यायचं कधी सापडतं, कधी भलतीकडेच जातं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती हौसेने आणला होतास पडदा."

मामाने पिशवीतून पोलादी पट्टी काढून पडद्यावर धरली. डावीकडच्या वरच्या बटणाची चूक नखाएवढी, मधल्याची दोन बोटं, अगदी उजवीकडच्याची चार. "चित्र ताणलं गेलंय," तो म्हणाला. "दाबायच्या जागा मात्र होत्या तिथेच राहिल्यात." झग्यात चित्रं असतात आणि एक साधी मजकुराची फाईल असते, तिच्यात प्रत्येक बटणाची जागा आकड्यांत लिहिलेली. माझ्या दीडपटीने चित्रं वाढली, आकडे वाढले नाहीत. गुलाबी रंग तर मामानेच भरलेला होता, इथे आरपार दाखव, असं प्लेअरला सांगणारा. ताणल्यावर तो कडेला फिका झाला आणि प्लेअरने त्याला ओळखलंच नाही; तीच ती झालर.

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. मामाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आईला म्हणाला, "चूक माझी आहे ताई. तेव्हाच मोठ्या पडद्याचं माप धरायला हवं होतं."

प्लेअरला ताणू नकोस, असं सांगता येतं. मामाने ते करून पाहिलं. बटणं जागेवर आली, पण या पडद्यावर इतकी बारीक झाली की आईला दिसेनात. मग त्याने जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. सगळी चित्रं मोठ्या मापात नव्याने काढली आणि फाईलमधला एकेक आकडा दीडने गुणला, तोही कागदावर पेन्सिलीने. मी आकडे वाचून दाखवत होते आणि चहा करत होते. गुरुवारी दुपारी झगा तयार झाला. ना झालर, ना फरक. एकेक बटण असं रेखीव की मामा स्वतःच जिन्यातून चारदा बघून आला.

आई बसली. तिचा हात गेला दोन बोटं वर, दोन बोटं डावीकडे. काहीच झालं नाही. पुन्हा तेच. महिनाभरात हाताने नवी जागा पाठ केली होती.

"लागेल सवय," आई म्हणाली.

'छान दिसतंय' म्हणाली होती तोच आवाज. या वेळी मला तो ओळखू आला. मी म्हटलं, "मामा, उद्या दुपारपर्यंत नाही लागायची."

मामाने थोडा वेळ त्या देखण्या बटणाकडे बघितलं. अक्षराचा पाय जरा तिरका गेला तर अख्खी पाटी पुसून टाकणारा माणूस हा. त्याने फाईल उघडली आणि थांबवायचं बटण वर-डावीकडे ओढून लांबवलं. मग मागे घ्यायचंही तसंच. तिचा हात जुन्या जागी पडो की नव्या, बटण तिथे असेलच. दिसायला ते पिवळं रताळं झालं.

शुक्रवारी सकाळी मी पानं वाचून तपासली आणि अकरा वाजता फाईल गेली. दुपारी बाईंचा फोन आला: आणखी तीन मुलाखती पाठवतोय.

आई लगेच कामाला बसली. मी स्वयंपाकघरात होते. भिंतीपलीकडे एक वाक्य आलं, थांबलं, टाइप झालं. मग दुसरं. एकेकदाच. कप तसाच ठेवून मी जिन्यात गेले. मामा तिथे उभा राहून उघड्या दारातून आपल्या वेड्यावाकड्या बटणाकडे बघत होता.

"मामा," मी म्हटलं, "तुझे फार उपकार झाले रे."

"हळू बोल," तो म्हणाला, "ती ऐकतेय."