ओल्या लुगड्याचा पाळणा

वाळ्याचा वास आला का मले तो उन्हाळा आठवते. माहा पोरगा तवा तीन महिन्याचा, घामोळ्यानं चार दिवस झोपलाच नव्हता. मंग मी वाळ्याच्या पाण्यात लुगडं भिजवून पाळण्यावर टाकलं अन् विंझण्यानं वारा घालत राह्यली. घडीभरानं पोरगा एकदम चूप, पाय थंडगार. मी भर उन्हात अनवाणीच धावत जाऊन शेजारच्या सुईणबाईले आणलं. तिनं पोराच्या नाकाशी बोट धरलं अन् हासली, "अवं झोपला तो. गारवा तूनंच केला, अन् तूच काऊन भेली?" मंग पाळण्याखाली लवंडून म्हने, "घाल आता मले बी वारा." दोघं बी घोरत होते, मी सांजेपर्यंत हात थांबवला नाई. आजबी घरात कोनी घोरलं का मले बरं वाटते.